रोमन नाण्यावरचा दूतदंड: ओळखायचा कसा, वाचायचा कसा

रोमन नाण्याच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा एक उभी आकृती असते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात आणखी काहीतरी, भोवती झिजलेली अक्षरे. काठीवर दोन साप दिसले की नवा संग्राहक लगेच ठरवून टाकतो, हा मर्क्युरी. कोणी म्हणतो, ही आरोग्याची देवता. विक्रेतेही पाकिटावर तसेच लिहून देतात. प्रत्यक्षात साम्राज्यकाळातल्या अशा बहुतेक नाण्यांवर मर्क्युरी नसतो, आणि औषधोपचाराशी तर या काठीचा संबंधच नाही.

ही काठी म्हणजे दूताचा दंड, लॅटिनमध्ये कॅड्युसिअस. दोन सैन्ये समोरासमोर उभी असताना मधून बोलणी करायला जाणारा माणूस ती हातात धरायचा आणि तिच्यामुळे त्याच्या जिवाला अभय मिळायचे. ग्रीकांचा देवदूत हर्मिस, म्हणजेच रोमनांचा मर्क्युरी, तिचा मूळ मालक. भांडणाऱ्या दोन सापांच्या मध्ये त्याने काठी घातली, साप भांडण सोडून काठीला वेटोळे घालून बसले, अशी तिची कथा. औलस गेलियस या दुसऱ्या शतकातल्या लेखकाने आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. रोमन सेनापती फेबियसने कार्थेजकडे एक भाला आणि एक दूतदंड पाठवला: युद्ध हवे की शांतता, काय ते उचला. कार्थेजवाले म्हणाले, आम्ही काहीच निवडत नाही, आणणाऱ्यांनी हवे ते ठेवून जावे, तेच आमचे. हा प्रसंग लक्षात असू द्या. दूतदंड म्हणजे भाल्याला दिलेला पर्याय. नाण्यावरचा त्याचा पुढचा सगळा प्रवास याच अर्थातून निघतो: आधी युद्ध थांबवणारी बोलणी, मग शांतता, मग शांततेतून येणारी भरभराट.

म्हणून या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आधीच सांगतो. दंडावरून देवता ठरवू नका, दुसरा हात बघा. त्यानंतर अक्षरे, आणि त्यानंतर साल.

तयारी

दहापट मोठे दाखवणारे भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एक साधा टेबलदिवा एवढे पुरते. दिवा वरून नको, बाजूने हवा. झिजलेल्या नाण्यावर उठाव इतका कमी असतो की वरच्या उजेडात तो सपाट दिसतो. तिरक्या उजेडात त्याची सावली पडते आणि सापाचे वेटोळे वर येते. दिवा जागेवर ठेवून नाणे हळूहळू पूर्ण फिरवा. एका कोनातून न दिसलेली रेघ दुसऱ्या कोनातून हमखास दिसते. फोनवर फोटो काढताना हीच पद्धत वापरा आणि निदान चार कोनांतून फोटो घ्या.

नाणे कडेने धरा. ते घासू नका, लिंबू, चिंच, पितांबरी यांतले काहीही लावू नका. तांब्या-पितळेवरची जुनी पुटे गेली की दंडावरचे बारीक काम त्यांच्याबरोबर जाते आणि पुन्हा येत नाही.

पायरी १: दंडाचा आकार डोळ्यांत बसवा

चांगल्या अवस्थेतल्या नाण्यावर दंड ओळखणे सोपे असते. खाली सरळ दांडी, वर दोन सापांची गाठ, आणि गाठीच्या वर एकमेकांकडे तोंड केलेली दोन डोकी. म्हणजे खाली बंद वर्तुळ आणि वर उघडी वाटी. आपला देवनागरी ४ काठीच्या टोकावर बसवला तर जसा दिसेल तसा. हा ४ डोक्यात ठेवूनच झिजलेल्या नाण्यांकडे बघा, कारण सापांचे खवले आणि डोळे सगळ्यात आधी जातात, पण ४ ची बाह्यरेषा बराच काळ टिकते.

दंडाला पंख असू शकतात, नसूही शकतात. इ.स. पहिल्या शतकातल्या उत्तम ठशांवर गाठीच्या खाली दोन छोटे पंख दिसतात. तिसऱ्या शतकात ठसे घाईने कोरले जाऊ लागले, पंख गेले आणि गाठीच्या जागी दोन-तीन टिंबे किंवा एक कडी एवढेच उरले. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतरच्या नाण्यांवर काठीच्या वरच्या टोकाला कडी आणि तिच्यावर व्ही अक्षरासारखा फाटा दिसला, तरी दंडाचा विचार करायला पुरेसे कारण आहे.

लांबीही नोंदवा. आखूड दंड हातात तिरका किंवा खांद्याला टेकवलेला असतो. लांब दंड जमिनीवर उभा टेकवलेला, कधीकधी आकृतीच्या उंचीचा. सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या ‘फेलिसिटास’ (भरभराटीची देवता) नाण्यांवर आणि सम्राट पोस्टुमसच्या काही नाण्यांवर असा लांब दंड आहे. वरची गाठ झिजली की तो थेट राजदंड वाटतो, आणि ओळख तिथेच चुकते.

पायरी २: दिसायला जवळच्या वस्तू वगळा

सगळ्यात मोठा गोंधळ एस्क्युलेपियसच्या काठीशी होतो. वैद्यकाच्या या देवाची काठी जाड, गाठीगाठींची, आणि तिला एकच साप. दंडाला दोन साप, सममिती, दांडी सडपातळ. कॅराकल्लाची इ.स. २१५ ची चांदीची नाणी बघितली की फरक कायमचा लक्षात राहतो: समोर बघणारा दाढीवाला एस्क्युलेपियस, काठीवर एकच साप, बाजूला जमिनीवर एक गोल. आजारी सम्राट देवाकडे आरोग्य मागत होता त्या काळातले हे नाणे आहे. आरोग्यदेवता सालुसच्या जवळही साप असतो, पण ती त्याला वाटीतून खाऊ घालते. साप हातात किंवा वेदीवर असतो, काठीला जोडलेला नसतो.

एवढ्यावर थांबू नका. खजुराची लांब फांदी धरलेली आनंदाची देवता हिलारिटास, खांबाला टेकून उभी असलेली सुरक्षिततेची देवता सेक्युरिटास, सुकाणू धरलेली नशिबाची देवता फॉर्च्युना, या तिघीही झिजल्या की दंडधारी वाटू शकतात. सुकाणू खाली रुंद होते, दंड वर रुंद असतो. खजुराच्या फांदीला एका अंगाने पात्यांच्या तिरक्या रेघा असतात. ज्युपिटरचे वज्र मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखेच फुगते. आणि टोकाला फक्त एकच टिंब असेल, कडी नसेल, तर तो बहुधा राजदंडच.

जवळपास दिसणारा प्रत्येक साप दंडाचा नसतो. ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या सम्राट ऑगस्टसने, इ.स.पू. २८ मध्ये आशियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इफिससला पाडलेले चांदीचे मोठे नाणे, सिस्टोफोरस, घ्या. त्यावर पॅक्स, म्हणजे शांततेची देवता, हातात दंड घेऊन उभी आहे, आणि शेजारच्या टोपलीतून वेगळाच एक साप बाहेर येतो आहे. ती टोपली आणि तो साप त्या भागातल्या जुन्या नाण्यांवरून आलेले, डायोनायससच्या पूजेतले. शिवाय पॅक्स हे नाव नाण्यावर स्पष्ट लिहिलेले आहे.

पायरी ३: दंड हातात आहे, एकटा आहे, की कोपऱ्यातली खूण आहे?

कोपऱ्यातली छोटी खूण असेल तर तिला धार्मिक अर्थ चिकटवू नका. सम्राटांच्या आधीच्या प्रजासत्ताकाच्या काळात ठसे ओळखता यावेत म्हणून टाकसाळीत त्यांच्यावर लहान चित्रे कोरत. टाकसाळीचा अधिकारी पिसो फ्रुगी याच्या इ.स.पू. ९० च्या चांदीच्या नाण्यांवर अशा खुणांची प्रचंड मालिकाच आहे; त्यांत हत्यारे, भांडी, प्राणी काहीही सापडते. तिथे दंड म्हणजे फक्त ठशाचा क्रमांक.

एकटा मोठा दंड असेल तर ते नाणे दंडाबद्दलच बोलत असते. अगदी सुरुवातीच्या, साच्यात ओतलेल्या जड कांस्य नाण्यांत एका बाजूला शिंपला आणि दुसऱ्या बाजूला दंड असलेले सेक्स्टन्स, म्हणजे अ‍ॅस या मूळ नाण्याचा सहावा भाग, आहे. त्याच्यावरची दोन टिंबे म्हणजे दोन अन्सिया (बारावे भाग), ते मूल्य आहे, शोभा नव्हे. पुढे सेक्स्टन्सवर मर्क्युरीचे पंखांची टोपी घातलेले डोके आले आणि तेच रूढ झाले. टायबेरियसच्या शेवटच्या वर्षांतल्या, इ.स. ३४ ते ३७ मधल्या तांब्याच्या अ‍ॅसवर एस आणि सी (‘सिनेटच्या ठरावाने’) या मोठ्या अक्षरांच्या मध्ये पंखांचा उभा दंड आहे. व्हेस्पेशियनच्या इ.स. ७४ च्या डिनारियस या चांदीच्या नेहमीच्या नाण्यावरही दंड एकटाच आहे.

भारतातल्या संग्राहकाने इथे एक खबरदारी घ्यावी. तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला गळ्यात घंटा असलेले हत्तीचे डोके आणि दुसऱ्या बाजूला दंड असेल तर ते नाणे रोमन नाही. ते बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा डिमिट्रियस याचे, आणि त्याची नक्कल पुढे शक राजा माउएस याने केली. हर्मिसचा दंड रोमच्या चांदीबरोबर समुद्रमार्गे इथे येण्याच्या आधीच डोंगरवाटांनी वायव्येला पोचला होता, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते.

उलट, आपल्याकडे जमिनीत सापडलेल्या रोमन चांदीत जी दोन नाणी सर्वाधिक आहेत त्यांच्यावर दंड नाही. ऑगस्टसच्या नाण्यावर गायस आणि लुसियस हे नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत. टायबेरियसच्या नाण्यावर आसनस्थ स्त्री आहे, हातात राजदंड आणि फांदी. मराठवाड्यात तेरला सापडलेल्या मातीच्या पदकांवर रोमन नाण्यांची नक्कल आहे, इतकी ही चित्रे इथल्या लोकांच्या नजरेत बसलेली होती. टायबेरियसचे हे नाणे कोणी ‘दूतदंडवाले’ म्हणून दाखवले तर राजदंडाचे टोक भिंगातून बघा.

पायरी ४: दुसरा हात

इथे घाई करू नका. ओळख निम्म्याहून जास्त इथेच होते.

दुसऱ्या हातात पैशाची थैली असेल, डोक्यावर पंखांची टोपी आणि अंगावर फक्त खांद्यावरून आलेले वस्त्र असेल, तर तो मर्क्युरी. थैली छोटी, लोंबती, गोलसर असते. आकृती पुरुषाची आहे की स्त्रीची हे पायांवरून ठरते: मर्क्युरीचे पाय उघडे, देवींच्या अंगावर पायघोळ वस्त्र.

दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी असेल तर ती पॅक्स. पॅक्सची खरी खूण फांदी आहे, दंड नव्हे. तिच्या पुष्कळ नाण्यांवर फांदीबरोबर राजदंड किंवा समृद्धीचे शिंग असते आणि दंड नसतोच. सम्राट फिलिप पहिला याने इराणच्या ससानी राजाशी तह केला, त्या तहाचे ‘इराणी लोकांशी शांतता प्रस्थापित’ असे लिहिलेले नाणे पाडले, आणि त्यावरची पॅक्स फांदी आणि राजदंड घेऊन उभी आहे. प्रत्यक्ष बोलणी करून झालेल्या तहाच्या नाण्यावर दूताचा दंड नाही! तेव्हा ‘तह म्हणजे दंड’ असा सोपा हिशेब चालत नाही.

दुसऱ्या हातात फळांनी भरलेले शिंग असेल तर ती फेलिसिटास, म्हणजे भाग्य आणि भरभराट यांची देवता. साम्राज्यकाळात दंड सगळ्यात जास्त हिच्याच हातात आहे. दंड आणि राजदंड, ही जोडीही तिचीच. दंड आणि वेदीवर ओतली जाणारी वाटी, हीसुद्धा. सम्राट एलागाबालसची आजी ज्युलिया मेसा हिच्या ‘सेक्युली फेलिसिटास’ (युगाची भरभराट) या चांदीच्या नाण्यावर ती पेटलेल्या वेदीवर वाटीतून अर्घ्य देते आहे, दुसऱ्या हातात लांब दंड, आणि मोकळ्या जागेत एक तारा. तिची मुलगी ज्युलिया ममेया हिच्या नाण्यावर ती पायाला पाय अडकवून खांबाला रेलली आहे. ही मुद्रा सेक्युरिटासची, पण हातात दंड असल्यामुळे ती फेलिसिटास ठरते, आणि अक्षरेही तेच सांगतात. वाटी आणि शिंग असेल, दंड नसेल, तर ती कॉन्कॉर्डिया, सलोख्याची देवता. इथे एका वस्तूच्या फरकाने देवता बदलते, म्हणून दोन्ही हात स्पष्ट झाल्याशिवाय नाव लिहू नका.

दोन हात एकमेकांत गुंफलेले आणि त्यांच्या मधून दंड वर आलेला असेल तर तिथे देवतेची आकृतीच नाही, करार आहे. दंडाबरोबर गव्हाच्या लोंब्या आणि खसखशीची बोंडे असतील तर व्हेस्पेशियनच्या ‘फिडेस पब्लिका’ (सार्वजनिक विश्वास) नाण्यांकडे बघा. बाल्बिनस आणि पुपिएनस या सहसम्राटांनी इ.स. २३८ मध्ये गुंफलेल्या हातांची मालिकाच काढली, पण तिथे दंड नाही, फक्त हात.

आणि एक अनपेक्षित पाहुणा: चौथ्या शतकात रोममध्ये ‘व्होटा पब्लिका’ (सार्वजनिक नवस) असे लिहिलेली, इजिप्तच्या देवतांची छोटी नाणी निघाली. त्यांच्यावरचा कुत्र्याच्या तोंडाचा अनुबिस एका हातात खुळखुळा आणि दुसऱ्या हातात दंड धरतो. मृतांना वाट दाखवण्याचे काम हर्मिस आणि अनुबिस दोघांकडेही होते, त्यामुळे दंड त्याच्याकडे आला.

पायरी ५: अक्षरे

वाचन साधारण डाव्या खालच्या बाजूने सुरू होते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. यू च्या जागी व्ही असतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली असेलच असे नाही, आणि संक्षेप भरपूर. ‘ए-व्ही-जी’ म्हणजे ऑगस्टस, ही सम्राटाची पदवी. शेवटी दोन जी म्हणजे दोन ऑगस्टस, तीन जी म्हणजे तीन. सहसम्राटांच्या नाण्यांचा काळ ठरवायला हा एकटा धागाही खूप मदत करतो.

‘पी-ए-एक्स’ किंवा ‘एफ-ई-एल-आय-सी’ दिसले तर काम सोपे झाले. पण दोन अडचणी येतात. पहिली, कित्येक नाण्यांवर मागच्या बाजूला देवतेचे नावच नसते, फक्त सम्राटाची पदे असतात: सर्वोच्च पुरोहित, जनाधिकार (जनतेच्या प्रतिनिधीचा अधिकार) कितव्यांदा, कॉन्सल (सर्वोच्च वार्षिक अधिकारी) कितव्यांदा. अशा नाण्यावरच्या आकृतीचे नाव आजच्या सूचिकारांनी हातांतल्या वस्तूंवरून ठरवलेले असते, म्हणून दोन सूचींत वेगळी नावे सापडतात. तुमचे निरीक्षण चांगले असेल तर सूचीपुढे दबून जायचे कारण नाही. अशा नाण्याचा एक फायदाही आहे. जनाधिकार दरवर्षी वाढत असल्याने त्या आकड्यावरून साल जवळजवळ नेमके मिळते.

दुसरी अडचण, अक्षरे एक सांगतात आणि चित्र दुसरे. सम्राट डेसियसचे मुलगे हेरेनियस एट्रस्कस आणि हॉस्टिलियन यांच्या नाण्यांवर ‘पिएटास’, म्हणजे कर्तव्यनिष्ठा, असे लिहिले आहे, चित्र मात्र थैली आणि दंड घेतलेल्या मर्क्युरीचे. पुढे सम्राट न्यूमेरियनच्या नाण्यावरही हीच जोडी येते. इथे पिएटास हे देवतेचे नाव नाही, सम्राटांच्या गुणाचे आहे. मार्कस ऑरेलियसच्या इ.स. १७२-१७३ च्या सुमाराच्या ‘रेलिजिओ’ (धर्मभाव) नाण्यांवरही मर्क्युरी आहे. डॅन्यूबपलीकडच्या युद्धात तहानेने व्याकूळ झालेल्या रोमन सैन्याला अचानक पावसाने वाचवले, आणि अर्नूफिस या इजिप्शियन मांत्रिकाने आकाशातल्या हर्मिसला आवाहन केले म्हणून तो पाऊस आला, असे रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. या नाण्यांचा त्या घटनेशी संबंध अनेक अभ्यासकांनी लावला आहे, आणि मला तो पटतो.

पायरी ६: पुढची बाजू, धातू, वजन

डोक्यावर पानांचा मुकुट आहे की किरणांचा, हे आधी बघा. तिसऱ्या शतकातल्या चांदीवर किरणांचा मुकुट म्हणजे अँटोनिनियानस, जे कॅराकल्लाने इ.स. २१५ मध्ये सुरू केले. पितळेच्या नाण्यावर किरणांचा मुकुट बहुधा ड्युपॉन्डियस सांगतो. त्याच आकाराचे, तांबूस, पानांच्या मुकुटाचे नाणे अ‍ॅस. डिनारियस साधारण १७ ते २० मिलिमीटर. ऑगस्टसच्या काळात वजन ३.९ ग्रॅमच्या आसपास ठरवलेले, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ते ३.४ पर्यंत उतरवले. मर्क्युरीसारखी आकृती प्रजासत्ताकापासून अखेरपर्यंत येत राहते, तेव्हा ही मापेच तुम्हाला योग्य शतकात नेतात.

पायरी ७: सूचीत शोधा

अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने साम्राज्याच्या नाण्यांसाठी ‘ओसीआरई’ आणि प्रजासत्ताकासाठी ‘सीआरआरओ’ अशा मोफत ऑनलाइन सूची चालवल्या आहेत. सम्राट, धातू आणि देवता निवडा, मग वर्णनात कॅड्युसिअस शब्द शोधा. फोटो जुळला म्हणून थांबू नका. पुढच्या बाजूची अक्षरे जुळतात का, डोके कोणत्या दिशेला आहे, दंड आखूड की लांब, हे सगळे तपासा. प्रत्यक्ष ग्रंथ चाळायचे असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या ग्रंथालयाचा उपयोग होईल.

पायरी ८: त्या वर्षी काय चालले होते?

नाव सापडले की बहुतेक जण इथे थांबतात. मला वाटते, खरे वाचन इथून सुरू होते. दंड नाण्यावर आला म्हणजे शांतता होती असे नाही. पुष्कळदा ती नव्हती म्हणूनच तो आला.

इ.स.पू. ४८ चे एक डिनारियस बघा. पुढे पिएटासचे डोके, मागे गुंफलेले दोन हात आणि त्यांच्यात पंखांचा दंड. खाली नाव, ‘अल्बिनस, ब्रुटसचा मुलगा’. त्याच्या आदल्या वर्षी सीझरने रुबिकॉन नदी ओलांडून यादवी युद्ध सुरू केले होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फार्सालसला रोमनांनी रोमनांना कापले. नाणे सीझरच्या बाजूचे. आम्ही समेटाला तयार आहोत असे ते सांगते. ते काढणारा अल्बिनस म्हणजे डेसिमस ब्रुटस. चार वर्षांनी सीझरच्या मारेकऱ्यांत तो होता, आणि त्या दिवशी घरी थांबलेल्या सीझरचे मन वळवून त्याला सभेत घेऊन येणाराही तोच. इ.स.पू. ४४ मध्ये, खुनाच्या आधी थोडे दिवस, टाकसाळीचा अधिकारी एमिलियस बुका याने सीझरच्या चेहऱ्याचे नाणे काढले. त्याच्या मागे दंड आणि फासेस ही अधिकाराची मोळी एकमेकांना छेदून, शेजारी कुऱ्हाड, पृथ्वीगोल आणि गुंफलेले हात. पुढे लिहिले आहे, ‘आजन्म सर्वाधिकारी’. ही दोन नाणी शेजारी ठेवली की दंडाचा अर्थ सरकलेला दिसतो. पहिल्यात तो दोन पक्षांच्या मधोमध आहे, दुसऱ्यात एकाच माणसाच्या ताब्यातल्या वस्तूंपैकी एक.

मग इ.स.पू. ३९. अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांच्यात आदल्या वर्षी ब्रुन्डिसियमला तह झाला होता, अँटनीने ऑक्टेव्हियनच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी, लग्न केले होते. चांदीच्या छोट्या क्विनारियसवर पुढे कॉन्कॉर्डिया, मागे गुंफलेले हात आणि दंड, भोवती दोघांची नावे. आठ वर्षांनी अ‍ॅक्टियमला दोघे समोरासमोर आले. त्यानंतरचे इ.स.पू. २८ चे पॅक्सवाले सिस्टोफोरस आपण वर बघितलेच. आता हात गुंफायला दुसरा कोणी उरला नव्हता, शांतता एकट्याची झाली होती.

टायबेरियसच्या काळात दंड राजघराण्याच्या अंगणात येतो. त्याचा मुलगा ड्रुसस याचे इ.स. २२-२३ चे सेस्टर्शियस, म्हणजे मोठे पितळी नाणे, हे माझ्या मते दंडाचे सर्वांत सुंदर नाणे. एकमेकांना छेदणारी दोन शिंगे, प्रत्येकातून फळांऐवजी एका बाळाचे डोके वर आलेले, आणि मधोमध पंखांचा दंड. ही ड्रुससची इ.स. १९ मध्ये जन्मलेली जुळी मुले, साम्राज्याला मिळालेली दुप्पट भरभराट. इ.स. २३ मध्ये ड्रुसस मेला. विषप्रयोगाचा संशय पुढे टायबेरियसचा विश्वासू अधिकारी सेजानस याच्यावर आला. जुळ्यांतला एक मुलगाही त्याच वर्षी गेला, दुसऱ्याला पुढे कॅलिगुलाने संपवले. टायबेरियसला दंडाची ओढ का होती हे समजायला रोमच्या फोरममधल्या कॉन्कॉर्डिया मंदिराचे अवशेष बघावेत. ते मंदिर त्याने नव्याने बांधून इ.स. १० मध्ये अर्पण केले, आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या दगडावर कोरलेला दंड आजही ओळखता येतो. शेवटच्या वर्षांतल्या त्या तांब्याच्या अ‍ॅसवरचा एकटा दंड त्या उंबऱ्याशेजारी ठेवून वाचला की त्यात कॉन्कॉर्डियाचा अर्थ ऐकू येतो.

क्लॉडियसचे ‘पाकी ऑगस्टे’ (सम्राटाच्या शांततेला) नाणे तर चार देवतांचे मिश्रण आहे. पंख व्हिक्टोरियाचे, गळ्याजवळचे वस्त्र चिमटीत धरून पुढे ओढण्याची मुद्रा नेमेसिसची, पुढे सरपटणारा साप सालुसच्या जवळचा, आणि त्या सापाकडे रोखलेला दंड पॅक्सचा. कॅलिगुलाच्या खुनानंतर सैनिकांनी क्लॉडियसला इ.स. ४१ मध्ये गादीवर बसवले होते. विजय, संयम, सुरक्षितता, शांतता, सगळेच एकदम बोलून दाखवायची गरज त्याला होती. या नाण्यावर चौथ्या पायरीचा नियमही ताणला जातो, कारण दुसरा हात वस्तू धरत नाही, मुद्रा करतो. मुद्राही वाचा.

व्हेस्पेशियनचे उदाहरण याच्या उलट, अगदी सरळ. इ.स. ६९ मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले. त्यांतला शेवटचा तो. त्याच्या सुरुवातीच्या डिनारियसवर पॅक्स आसनावर बसली आहे, फांदी आणि दंड घेऊन. इ.स. ७४ मध्ये दंड एकटा येतो, आणि ७५ मध्ये तो रोममध्ये शांततेचे मंदिर अर्पण करतो.

पायरी ९: विकत घेण्याआधी

कोरून सुधारलेली नाणी ही मोठ्या पितळी नाण्यांची जुनी कीड आहे. झिजलेल्या सेस्टर्शियसवर कोणीतरी बारीक हत्याराने पंख आणि सापांची डोकी पुन्हा काढतो. भिंगाखाली बघा: मूळ ठशातून आलेली रेघ वर गोलसर आणि तळाशी पृष्ठभागात मिसळणारी असते, कोरलेली रेघ धारदार, आणि तिच्या शेजारचा भाग खरवडून खाली गेलेला. चेहरा झिजलेला आणि दंड मात्र ताजा, असे असेल तर नाणे परत ठेवा. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे शोधा. जुन्या ओतीव कांस्य नाण्यांना ही कसोटी अर्थातच लागू नाही, ती मुळातच ओतलेली.

कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुने नाणे भारतात पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनसुद्धा नाही. खरेदीची पावती जपून ठेवा. शेतात किंवा बांधकामात नाणी सापडली तर ती वाटून न घेता महसूल खात्याला कळवा. साठा एकत्र राहिला तरच त्याचा काळ ठरतो.

पायरी १०: नोंद

प्रत्येक नाण्याची नोंद एकाच क्रमाने करा: धातू, वजन, व्यास, पुढची अक्षरे आणि चित्र, मागची अक्षरे, आकृतीची मुद्रा, उजवा हात, डावा हात, मोकळ्या जागेतली खूण, दोन्ही बाजूंचा परस्पर कोन. देवतेचे नाव शेवटी. आधी नाव लिहिले की डोळे तेच शोधायला लागतात.

ज्युलिया मेसाच्या नाण्याची नोंद अशी होईल: ‘चांदी, डिनारियस. पुढे: मेसाचे अर्धचित्र उजवीकडे. मागे: सेक्युली फेलिसिटास. स्त्री उभी, डावीकडे तोंड. उजव्या हातातल्या वाटीतून पेटलेल्या वेदीवर अर्घ्य. डाव्या हातात लांब दंड, गाठ स्पष्ट, पंख नाहीत. मोकळ्या जागेत तारा. फेलिसिटास.’ झीज जास्त असेल आणि वरची गाठ दिसत नसेल तर ‘दंड किंवा राजदंड’ असे लिहा, नावापुढे प्रश्नचिन्ह घाला, आणि त्याच ठशाचे बरे नाणे सूचीत सापडेपर्यंत ते खोडू नका.